वाट्याला आलेले वाद्य: बिल मन्रो आणि ब्लूग्रास

श्रोतेहो,

ब्लूग्रास पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते फार जुने संगीत वाटते. बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिन), गिटार आणि मँडोलिन अशी तंतुवाद्ये, चढ्या पट्टीतला टोकदार गळा, आणि गाण्यांत डोंगरातली घरे, आगगाड्या, मागे राहिलेले आईवडील. हे सगळे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले लोकसंगीत असावे, असे सहज वाटून जाते. या संगीताची मुळे तिथेच आहेत हे खरे; पण आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो, ते रूप १९४५ ते १९४८ या अवघ्या तीन वर्षांत घडले आणि त्यामागे प्रामुख्याने एका माणसाचा ध्यास होता. बिल मन्रो हे त्या माणसाचे नाव. लोकसंगीताला कर्ता नसतो असे आपण मानतो, म्हणून या एका कर्त्याकडे मला आज जरा निरखून पाहायचे आहे.

मन्रो यांचा जन्म १३ सप्टेंबर १९११ रोजी केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, रोझीन या लहानशा गावाजवळ झाला. आठ भावंडांतला हा शेंडेफळ. डोळा तिरळा आणि नजर अधू असल्यामुळे तो चारचौघांत मिसळायला बिचकत असे. परका माणूस घराकडे येताना दिसला, की तो गोठ्यात जाऊन लपे. घरात संगीत होते. आई फिडल वाजवी आणि गात असे. थोरल्या भावांनी आधीच हक्क सांगितल्यामुळे बर्चकडे फिडल गेले, चार्लीकडे गिटार गेली आणि धाकट्याच्या वाट्याला कोणालाच नको असलेले मँडोलिन आले. त्यातही भावांची अट अशी, की त्याने आठांपैकी चारच तारा लावायच्या, म्हणजे त्याचा आवाज फार होणार नाही. मन्रो यांच्या पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज मला या चार तारांच्या मँडोलिनमध्ये दिसते.

तो दहा वर्षांचा असताना आई गेली आणि सोळाव्या वर्षी वडीलही गेले. थोरली भावंडे कामासाठी उत्तरेकडे पांगली होती. तेव्हा बिल आईच्या भावाकडे, पेंडल्टन व्हँडिव्हर यांच्याकडे राहायला गेला. पुढे ‘अंकल पेन’ या गाण्यामुळे हे गृहस्थ जगाला माहीत झाले. पण इंग्रजीतल्या ‘अंकल’पेक्षा आपला ‘मामा’ हा शब्द इथे नेमका बसतो, कारण पोरक्या भाच्याला आधार देणारे ते आजोळच होते. मामा फिडल वाजवत. आसपासच्या घरांतून रात्री नाच होत, तिथे मामा-भाचे खेचरावरून जात आणि मामांच्या फिडलला भाचा साथ करी. त्या फिडलची लय आणि तिच्यातल्या जुन्या चाली बिलच्या कानात कायमच्या बसल्या.

याच परिसरात त्याला दुसरा गुरू भेटला. आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय कलावंत कोळशाच्या खाणीत राबून पोट भरत असे, आणि गिटार व फिडल दोन्ही वाजवी. वंशभेदाच्या त्या काळातही गोऱ्यांच्या नाचाला वाजवण्यासाठी त्याला बोलावणे येई, आणि कोवळ्या वयाचा बिल गिटार घेऊन त्याच्या साथीला बसे. आपल्या संगीतातला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा ढंग, कुठून आला, हे सांगताना मन्रो पुढे आयुष्यभर शुल्ट्झचे नाव घेत राहिले. ब्लूग्रास म्हणजे निव्वळ गोऱ्या डोंगरी लोकांचे संगीत, असे सांगणाऱ्यांनी त्याच्या जनकाचे हे म्हणणे ऐकायला हवे.

१९२९ मध्ये बिलही भावांपाठोपाठ इंडियानात गेला आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पिंपे धुण्या-वाहण्याचे काम करू लागला. चार्लीबरोबरची त्याची जोडी ‘मन्रो ब्रदर्स’ या नावाने रेडिओवर गाजली, १९३६ पासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९३८ मध्ये भावाभावांत बिनसून जोडी फुटली. बिल मन्रो यांनी मग स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि केंटकीच्या ‘ब्लूग्रास स्टेट’ या टोपणनावावरून त्याला ‘ब्लू ग्रास बॉइज’ म्हटले. ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्यांचा प्रवेश झाला आणि मरेपर्यंत ते त्या रंगमंचाशी बांधलेले राहिले.

त्यांनी मँडोलिनचे काय केले, हे थोडे जवळून पाहू. या वृंदात तालवाद्य नाही. ती उणीव मन्रो यांनी मँडोलिनकडून भरून काढली. डबल बेस हे खर्जातले मोठे तंतुवाद्य सम धरते आणि त्यानंतरच्या अर्ध्या मात्रेवर मँडोलिनवादक सगळ्या तारांवर एकदम आघात करतो. आघात होताक्षणी डाव्या हाताची बोटे किंचित सैल सुटतात, त्यामुळे सूर तिथेच तुटतो आणि उरतो तो कोरडा ‘चक्‌’ असा ठोका. याला ‘चॉप’ म्हणतात. ज्या वाद्याचा आवाज होऊ नये म्हणून भावांनी तारा काढायला लावल्या, तेच वाद्य आता सगळ्यांची लय हाकू लागले.

डिसेंबर १९४५ मध्ये उत्तर कॅरोलिनाचा अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा बँजोवादक वृंदात आला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी तो सुरांची अशी अखंड सर सोडी, की ऑप्रीचे श्रोते थक्क होत. गायनाला आणि गिटारला लेस्टर फ्लॅट, फिडलला चबी वाइज, डबल बेसला हॉवर्ड वॉट्स आणि मँडोलिनवर स्वतः मन्रो अशी ही पाच जणांची फळी होती. सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोत त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण आजही या शैलीचे मानदंड मानले जाते. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे मन्रो यांचे गाणे त्याच वेळचे.

१९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा वृंद काढला. स्टॅन्ली बंधू या दुसऱ्या गायक जोडीने तर मन्रो यांचे रेडिओवर ऐकलेले एक गाणे, त्यांची ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याआधीच मुद्रित केले. मन्रो यांना हे सारे चोरीसारखे वाटले. स्टॅन्ली बंधूंना करारबद्ध केले म्हणून त्यांनी आपली ध्वनिमुद्रिका कंपनी सोडली, आणि फ्लॅट यांच्याशी अबोला धरला तो वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. मला या रागाला दोष द्यावासा वाटत नाही. ज्याने आयुष्य खर्चून एक नाद शोधला, त्याला तो दुसऱ्याच्या हातून ऐकू आला की दुखणारच. पण इतरांनी तो उचलला, म्हणूनच एका वृंदाचे नाव पन्नाशीच्या दशकात एका संगीतप्रकाराचे नाव झाले, हेही तितकेच खरे. १९५४ मध्ये तरुण एल्व्हिस प्रेस्लीने ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ आपल्या ढंगात गायले, तेव्हा मन्रो यांनी तेच गाणे पुन्हा मुद्रित केले. सुरुवात जुन्या संथ तीन मात्रांच्या चालीत, आणि मग एकाएकी चार मात्रांची धावती लय! १९६७ मध्ये त्यांनी इंडियानातल्या बीन ब्लॉसम इथे वार्षिक महोत्सव सुरू केला आणि १९७१ मध्ये तिथेच फ्लॅट यांच्याशी हात मिळवला.

त्यांचे मँडोलिन १९२३ साली बनलेले, गिब्सन कंपनीचे होते. मायामीतल्या एका केशकर्तनालयात ते त्यांना दिसले आणि दीडशे डॉलरांना त्यांनी ते घेतले. पुढे दुरुस्तीवरून कंपनीशी वाजले, तेव्हा त्यांनी चाकूने त्याच्या माथ्यावरचे कंपनीचे नाव खरवडून टाकले. १९८५ मध्ये कोणीतरी त्यांच्या घरात शिरून शेकोटीच्या सळईने ते फोडले. गिब्सनच्या कारागिराने शेकडो ढलप्या एकेक करून जुळवल्या आणि काही महिन्यांत ते पुन्हा त्यांच्या हाती दिले. ९ सप्टेंबर १९९६ रोजी, पंचाऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, मन्रो वारले. ते मँडोलिन आता नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे.

पेनमामांचे नाव गाण्यात राहिले, आणि १९७३ मध्ये मन्रो यांनी रोझीनच्या दफनभूमीत त्यांचे स्मारकही उभारले. आर्नल्ड शुल्ट्झ १९३१ मध्येच वारला होता. त्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्याचे वादन कसे होते हे ज्याला ऐकायचे असेल, त्याने मन्रो यांच्या एखाद्या संथ ब्लूजमध्ये मँडोलिनचा सूर जिथे किंचित मागे रेंगाळतो, तिथे कान द्यावा.