नोटेशन डावीकडून, हिब्रू उजवीकडून: मग गायचं कसं?

नमस्कार मंडळी! सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) समूहगायनाचा व्हिडिओ टाकल्यापासून तुम्ही एकच प्रश्न लावून धरलाय: सूर डावीकडून लिहितात आणि हिब्रू उजवीकडून, मग दोन्ही एका पानावर छापून गायचं कसं? म्हणून आज मुख्यतः तोच.

पार्श्वभूमी झटपट सांगते. सालामोने रोस्सी, मंतुआच्या गोन्झागा दरबारातला ज्यू संगीतकार. 1622-23 मध्ये व्हेनिसला त्याच्या 33 हिब्रू रचना छापल्या गेल्या, एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणाऱ्या तीन ते आठ आवाजांसाठी. झालं.

आता खरी गंमत. सूर डावीकडून उजवीकडे, हिब्रू उजवीकडून डावीकडे. 'शालोम' घ्या. पहिला सूर डाव्या टोकाला आणि 'श' उजव्या टोकाला!

"मग सूरच उलटे छापायचे ना!" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. अहो, गाणाऱ्याची नजर वर्षानुवर्षं एका दिशेला सरावलेली असते. सूर फिरवलेत तर पहिल्याच ओळीत अडखळेल. बरं, अक्षरं फिरवली तर? 'मलोशा' वाचून दाखवा बघू, तेही तालात!

रोस्सीने छापताना दोन्ही जागच्या जागी ठेवलं. प्रस्तावनेत व्हेनिसचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) लिओने मोदेना सांगतात की शब्द सगळ्यांना ठाऊकच आहेत, वाचणाऱ्याने ते उलट दिशेने जुळवून घ्यावेत. माझ्या आत्याला ते पान दाखवलं, तर हार्मोनियमवरून मान न उचलता म्हणाली, "प्रार्थना रोजची ना? मग पाठ असणारच की." थोडक्यात, डोळे सुरांवर, शब्द तोंडपाठ. पुन्हा विचारू नका!

आणि असं अनेक आवाजांचं गाणं म्हणजे "चर्चची नक्कल" म्हणणारे, तुम्हीही ऐका. रोस्सी इटलीतच वाढला, माद्रिगलही (अनेक आवाजांची इटालियन गाणी) लिहायचा. त्या काळच्या इटलीत जे चालायचं, तेच तो लिहिणार ना? विरोध तर घरातूनच, ज्यू मंडळींकडूनच होता: जेरुसलेमचं आपलं प्राचीन मंदिर पाडलं गेलंय, त्याच्या शोकात असं गाणं कसलं? मोदेनांना त्यावर धर्मशास्त्राचे दाखले द्यावे लागले. आणि 1828 मध्ये व्हिएन्नाच्या सिनेगॉगचे गायक सालोमोन सुल्झर यांच्यासाठी चक्क शूबर्टने, म्हणजे एका ख्रिस्ती संगीतकाराने, बायबलमधलं 92 वं स्तोत्र हिब्रूत बांधलं. त्याला काय म्हणाल?

एका ताईंनी विचारलंय, आपल्या बेने इस्रायलींकडे (महाराष्ट्रातल्या ज्यूंकडे) असं अनेक आवाजांचं गाणं का ऐकू येत नाही? तिथे हझ्झान, म्हणजे प्रार्थना गाणारा, प्रार्थना चालवतो, मंडळी साथ देतात. ती परंपराच वेगळी.

आता रोस्सीचं पाच आवाजांचं कद्दिश (देवाच्या स्तुतीची एक ज्यू प्रार्थना) लावा, नाचाच्या ठेक्यातलं आहे. आणि "ते तर अरामी भाषेत आहे" असं लिहायला येऊ नका, लिपी हिब्रूच आहे!