रबात ते अबुधाबी: मुस्लिम जगातील धर्म, राष्ट्र आणि मुत्सद्देगिरी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

विषय मोठा आहे आणि वेळ एका तासाची आहे, म्हणून मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. मुस्लिमबहुल देशांच्या परराष्ट्रधोरणाविषयी आपल्याकडे दोन मते फार ठामपणे मांडली जातात. हे सर्व देश मनातून एकच आहेत आणि वेळ आली की एका झेंड्याखाली उभे राहतात, असे एक मत. धर्म हा नुसता देखावा असून खरे राजकारण तेलाचे आणि शस्त्रांचे आहे, असे दुसरे. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. या देशांत कोणत्या प्रश्नावर राज्यकर्त्याला गप्प बसता येणार नाही आणि गप्प बसला तर त्याला कोणती किंमत मोजावी लागेल, हे धर्म ठरवतो. परंतु प्रत्यक्षात काय करायचे हे सीमा, सैन्य, शेजारी आणि त्या राज्यकर्त्याचे स्वतःचे आसन किती स्थिर आहे यांवरून ठरते. तुर्कस्तान, अरब देश आणि इराण यांच्या उदाहरणांनी हे दाखवावे असा माझा बेत आहे. मात्र त्याआधी रबातची हकिकत सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती केवळ भारताच्या मानहानीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि तिच्यातले खरे शिकण्यासारखे तसेच पडून राहते.

21 ऑगस्ट 1969 रोजी जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीत एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माणसाने आग लावली. सलाहुद्दीनाच्या काळापासून तिथे असलेले लाकडी मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) त्या आगीत भस्मसात झाले. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात होते, त्यामुळे मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत संतापाची लाट उसळली आणि सप्टेंबरात मोरोक्कोची राजधानी रबात येथे मुस्लिम राष्ट्रप्रमुखांची परिषद बोलावण्यात आली. इतका भाग सर्वांना ठाऊक असतो. पण अशी परिषद व्हावी यासाठी सौदी अरेबियाचे राजे फैसल हे 1960 च्या दशकाच्या मध्यापासून खटपट करत होते आणि तिला सर्वांत कडाडून विरोध करणारा नेता कोणी परधर्मीय नव्हता, तर इजिप्तचे अध्यक्ष नासेर होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नासेर यांचा अरब राष्ट्रवाद भाषेवर आणि अरबपणावर उभा होता. त्यात ख्रिस्ती अरबालाही जागा होती आणि राजेशाह्यांना मात्र धोका होता. फैसल यांना या लाटेपुढे टिकायचे होते, आणि मक्का व मदिना यांचे यजमानपद हे त्यांचे मोठे बळ होते. येमेनमध्ये 1962 पासून या दोन बाजू प्रत्यक्ष लढत होत्या. प्रजासत्ताकाच्या बाजूने इजिप्तचे हजारो सैनिक होते, तर पदच्युत राजाच्या, म्हणजे इमामाच्या, बाजूने सौदी पैसा आणि शस्त्रे. दोन्हीकडचे सैनिक मुसलमानच होते आणि अरबही होते.

1967 मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवाने हे चित्र पालटले. सुएझ कालवा बंद पडला, सिनाई द्वीपकल्प इजिप्तच्या हातचे गेले आणि त्याच वर्षी खार्टुमच्या परिषदेत सौदी अरेबिया, कुवेत आणि लिबिया यांनी इजिप्तला आर्थिक मदत देऊ केली. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्या व्यासपीठाला विरोध करणे अवघड असते. रबातला इजिप्तचे प्रतिनिधित्व अन्वर सादात यांनी केले, कारण नासेर आजारी होते. मशिदीच्या आगीने परिषदेला निमित्त दिले हे खरेच, पण तिची वाट दोन वर्षांपूर्वीच्या पराभवाने मोकळी केली होती. धर्माच्या नावाने भरलेली ही पहिली मोठी राजकीय परिषद प्रत्यक्षात अरब राष्ट्रवादाच्या पीछेहाटीची नोंद होती.

आता भारताकडे येऊ. भारताने 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले होते आणि अरबांची बाजू सातत्याने घेतली होती. 1971 च्या जनगणनेत भारतातील मुस्लिमांची संख्या सहा कोटींहून अधिक भरली. रबातला जमलेल्या अनेक देशांची एकूण लोकसंख्याही तितकी नव्हती. भारताने निमंत्रण मागितले आणि 23 सप्टेंबरला परिषदेने ते एकमताने दिले. एकमताने म्हणजे पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांच्या संमतीसह, हे कृपया ध्यानात ठेवा. दिल्लीहून शिष्टमंडळ पोहोचेपर्यंत भारताच्या खुर्चीवर आपले मोरोक्कोतील राजदूत गुरबचन सिंग बसले. इस्लामी परिषदेत एक शीख राजदूत आपल्या देशाच्या वतीने बसला, हा प्रसंग मला आजही अतिशय बोलका वाटतो. दुसऱ्या दिवशी फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ रबातला उतरले. हेच फखरुद्दीन अली अहमद पुढे राष्ट्रपती झाले. आणीबाणीच्या घोषणेवरची सही या एकाच गोष्टीसाठी ते आपल्या स्मरणात राहिले आहेत, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

रातोरात काय बदलले? याह्या खान आपल्या निवासस्थानी बसून राहिले आणि भारतीय शिष्टमंडळ असेल तर आपण सभेला येणार नाही असा निरोप त्यांनी धाडला. कारण सांगितले गेले ते अहमदाबादच्या दंगलींचे. त्या दंगली भीषण होत्या, त्यांत शेकडो माणसे मारली गेली होती, आणि त्यांची लाज आपल्याला वाटलीच पाहिजे. परंतु दंगली 18 सप्टेंबरला सुरू झाल्या होत्या, म्हणजे याह्या खान यांनी संमती दिली त्याच्या आधी. बदल झाला तो पाकिस्तानातील वाऱ्याचा. आयुब खान यांना आंदोलनांनी पायउतार केल्यानंतर मार्चमध्येच याह्या सत्तेवर आले होते, आणि भारताशेजारी बसल्याची बातमी घरी पोहोचली तेव्हा ती पेलण्याइतके त्यांचे आसन भक्कम नव्हते. निमंत्रण भारतातील मुस्लिम समाजाला आहे, भारत सरकारला नाही, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता आणि सगळी गोम तिथेच आहे. उपखंडातील मुसलमान हे एक वेगळे राष्ट्र आहे या सिद्धांतावर जो देश उभा राहिला, त्याला सहा कोटी मुसलमानांच्या वतीने दिल्लीचे सरकार बोलते आहे हे दृश्य सोसणारे नव्हते. त्या दिवशी वाद जेरुसलेमचा राहिलाच नाही. तो 1947 चा झाला.

यजमानांनी भारतीय शिष्टमंडळाला गळ घातली की, आपण होऊन बाजूला व्हा किंवा निरीक्षक म्हणून बसा. शिष्टमंडळाने दोन्ही गोष्टी नाकारल्या. शेवटची बैठक भारताशिवाय उरकण्यात आली. दिल्लीने मोरोक्को आणि जॉर्डनमधील आपल्या प्रतिनिधींना माघारी बोलावले आणि संसदेत सरकारवर टीकेची झोड उठली. निमंत्रण मागायलाच नको होते, असे तेव्हाही अनेकांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते, कारण धर्मनिरपेक्ष राज्याने धर्मावर आधारलेल्या मंडळात जागा मागितली की आपण कोण आहोत हे ठरवण्याचा अधिकार आपण दुसऱ्याच्या हाती देतो. पण मुसलमान देशांनी एकजुटीने भारताला हाकलले, हे वर्णन साफ चुकीचे आहे. त्यांनी एकमताने बोलावले होते. एका देशाने आपल्या घरच्या अडचणीपायी हट्ट धरला आणि परिषद मोडू नये म्हणून बाकीच्यांनी तो चालू दिला.

या गोष्टीचा उत्तरार्ध तर आणखी महत्त्वाचा आहे. रबातला ज्या सिद्धांतासाठी याह्या खान अडून बसले, तो दोन वर्षांत पूर्व बंगालमध्ये त्यांच्याच सैन्याच्या हातून उद्ध्वस्त झाला. बंगाली मुसलमानांनी भाषेचे आणि भूमीचे राष्ट्र निवडले आणि बांगलादेशाच्या 1972 च्या राज्यघटनेत राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही यांच्या जोडीला धर्मनिरपेक्षता हे तत्त्व लिहिले. इस्लामी जगाने हे नवे राष्ट्र स्वीकारायला वेळ लावला. इंडोनेशिया आणि मलेशिया यांनी 1972 च्या फेब्रुवारीतच मान्यता दिली. सौदी अरेबियाची मान्यता मात्र बांगलादेशाचे नेते शेख मुजीब यांच्या हत्येनंतर, ऑगस्ट 1975 मध्ये आली. या दोन टोकांच्या मध्ये लाहोर येते. फेब्रुवारी 1974 मध्ये तिथे दुसरी इस्लामी शिखर परिषद भरली. पाकिस्तानचे पंतप्रधान भुत्तो यांना ती थाटात पार पाडायची होती आणि मुजीब म्हणत होते की मान्यता मिळाल्याशिवाय मी येणार नाही. कुवेतच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ ढाक्याला गेले, 22 फेब्रुवारीला पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता जाहीर केली आणि मुजीब लाहोरला पोहोचले. तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाला पाकिस्तानने देशद्रोहाच्या खटल्यात उभे केले होते, त्याला तोच देश राष्ट्रनेता म्हणून सलामी देत होता. एप्रिलमध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि 195 पाकिस्तानी युद्धकैद्यांवरील खटल्यांचा विषय मिटवण्यात आला. इथे धर्माने उपयोगाचे काम केले: तोंडघशी न पडता माघार घेण्याची वाट भुत्तो यांना उपलब्ध करून दिली. भारताच्या दबावापुढे नमलो असे त्यांना म्हणावे लागले नाही, बंधुत्वापुढे नमलो असे म्हणता आले. हे काम लहान नाही, आणि धर्म म्हणजे नुसता देखावा असे म्हणणाऱ्यांनी लाहोरकडे जरूर पाहावे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि माझे तिन्ही प्रदेश अजून बाकी आहेत. म्हणून आता झपाट्याने पुढे जातो.

तुर्कस्तानची गोष्ट या शहराशी जोडलेली आहे. 1919 मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली, आणि भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून ईद-ए-मिलादची मिरवणूक आजही निघते. तुर्की सुलतानाकडे असलेल्या ज्या खलिफापदासाठी, म्हणजे मुस्लिम जगाच्या धार्मिक नेतृत्वासाठी, इथले लोक तुरुंगात गेले, ते 3 मार्च 1924 रोजी रद्द केले खुद्द तुर्कस्तानच्या संसदेने. त्याआधी 1916 मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांनी ब्रिटिशांच्या साहाय्याने त्याच खलिफाविरुद्ध बंड पुकारले होते. मात्र याच्या उलट पुरावाही सांगितला पाहिजे. 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली, तेव्हा कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे धर्मावरून ठरले. तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला. खलिफापद मोडणाऱ्या राज्याने आपला नागरिक मात्र धर्माच्याच फूटपट्टीने मोजला.

अरब ऐक्याबद्दल एवढेच सांगतो की, इजिप्त आणि सीरिया 1958 मध्ये एक राष्ट्र झाले आणि 1961 मध्ये विभक्त झाले. 1980 ते 1988 या काळातील इराण-इराक युद्धाबद्दल मात्र दोन वाक्ये जास्त बोलायला हवीत. इराकी सैन्यातील साध्या शिपायांत शिया बहुसंख्य होते आणि ते शिया इराणशी आठ वर्षे लढले. इराणच्या खुझेस्तान प्रांतातील अरब आपल्या बाजूने उठतील ही इराकचे अध्यक्ष सद्दाम यांची अटकळही फोल ठरली. इराकप्रमाणे बाथ या अरब राष्ट्रवादी पक्षाचेच सरकार असलेला सीरिया तर इराणच्या बाजूला उभा राहिला. कॉकेशसमध्ये अझरबैजान हा शियाबहुल देश आणि आर्मेनिया ख्रिस्ती, आणि दोघांत युद्ध चालू होते. तुर्कस्तानने 1993 मध्ये आर्मेनियाची सीमा बंद केली तेव्हा आर्मेनियाला व्यापाराची वाट मोकळी ठेवली ती इराणच्या इस्लामी प्रजासत्ताकाने, कारण त्याच्या स्वतःच्या वायव्य भागात अझरी मोठ्या संख्येने राहतात आणि अझरबैजानचा प्रभाव वाढणे तेहरानला परवडणारे नव्हते. अफगाणिस्तानचे उदाहरण तर याहून जुने आहे. सप्टेंबर 1947 मध्ये पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश देण्याच्या ठरावाविरुद्ध एकच मत पडले, ते काबूलचे. वाद ड्युरँड रेषेचा, म्हणजे या दोन देशांमधील सीमेचा होता.

अबुधाबीचा उल्लेख राहू नये. 1 मार्च 2019 रोजी, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, रबातच्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या इस्लामी सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत सन्माननीय पाहुण्या म्हणून सुषमा स्वराज बोलल्या. या वेळी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री निषेध म्हणून आले नाहीत आणि बैठक त्यांच्यावाचून सुरू झाली. रबातला जो हट्ट चालला तो अबुधाबीत चालला नाही, कारण मधल्या पन्नास वर्षांत भारताची बाजारपेठ, तेलाची खरेदी आणि आखातात राबणारे लाखो भारतीय यांचे वजन बदलले होते. परंतु त्याच बैठकीत काश्मीरवर भारताला न आवडणारा ठरावही संमत झाला. चीनमधील मुस्लिमांबाबत तर संघटनेने चीनची वाखाणणीच केली, आणि तिथल्या उइगुर मुस्लिमांविषयी ज्याला आस्था आहे त्याने या गोष्टीचा राग धरावा, मीही धरतो. काश्मीरवर बोलण्याची किंमत अल्प होती, चीनविरुद्ध बोलण्याची फार मोठी.

शेवटी, मग धर्माची ताकद नेमकी मोजायची कुठे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते ती इजिप्तमध्ये मोजावी. सादात यांनी 1979 मध्ये इस्रायलशी शांतता करार केला, तेव्हा अरब लीगने आणि इस्लामी संघटनेने इजिप्तचे सदस्यत्व स्थगित केले आणि लीगचे मुख्यालय कैरोहून ट्यूनिसला गेले. 1981 मध्ये सादात यांची हत्या झाली. इतकी किंमत मोजूनही इजिप्तने करार मोडला नाही, कारण त्याला सिनाई परत हवे होते आणि एप्रिल 1982 मध्ये ते मिळाले. जानेवारी 1984 मध्ये कासाब्लांकाच्या शिखर परिषदेने इजिप्तला परत बोलावले, तेव्हा करार जसाच्या तसा लागू होता आणि इस्रायलचा दूतावास कैरोतच होता.