शांतता शिकायला कॉलेजात?

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की नौपाड्यापासून नेरूळपर्यंत घराघरांत एकच विषय असतो. अशा वेळी मुलगी म्हणाली, 'मला शांतता अभ्यास आणि तत्त्वज्ञान शिकायचंय', की आधी घरात सगळे गप्प होतात, मग मामांना फोन जातो. शांत बसायला डिग्री कशाला लागते, असं कुणीतरी म्हणतंच. आज मी बोलणार आहे ते त्या मुलीच्या बाजूनं.

हा विषय, म्हणजे भांडणं का पेटतात आणि ती कशी मिटवायची याचा अभ्यास, काही कालपरवाचा नाही. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधनाची संस्था उभारली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ पासून त्याचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे दिल्लीच्या जामिया मिल्लियात २००४ मध्ये नेल्सन मंडेलांच्या नावानं असं केंद्र सुरू झालं. बनारस हिंदू विद्यापीठातही आहे.

गाल्टुंग यांचं एक उदाहरण या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. अठराव्या शतकात कुणी क्षयानं गेला, तर त्याला हिंसा म्हणता येणार नाही. तेव्हा इलाजच नव्हता. आज औषध असूनही माणूस क्षयानं मरत असेल, तर कुणी हात उगारला नसला तरी ती हिंसाच. तिला ते रचनेतली हिंसा म्हणतात. नुसती मारामारी थांबली म्हणजे अर्धीच शांतता. ज्या कारणानं माणसं पेटली ते कारण दूर झालं तर पुरी.

हे ऐकायला पुस्तकी वाटतं. पण त्याचा धडा नवी मुंबईत आपल्या पायाखालीच आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यावरून असंतोष साचत गेला आणि जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासई-नवघर भागात दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यानंतर रस्ते शांत झाले. पण तंटा मिटला का? पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, म्हणजे जमीन देणाऱ्याला शहराच्या वाढीत वाटा मिळाला. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन देणाऱ्या गावांना तोच वाटा साडेबावीस टक्के झाला. आणि तरीही 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द आजही प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. मग मुलांनी घरं बांधायची कुठं? माझ्या मते शांतता शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं बोस्निया आणि रवांडातल्या संहाराबद्दल जरूर वाचावं, पण त्याआधी जासईला जाऊन यावं. सातबारा कसा वाचायचा तेही शिकून घ्यावं.

बरं, यात तत्त्वज्ञान कशाला?

तर न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या आपल्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याला फक्त पाडायचं, ती वितंडा. (तिसरा प्रकार रात्री नऊला टीव्ही लावणाऱ्यांना समजावून सांगायला नको.) आपल्या दर्शनकारांची शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, भक्कमपणे मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं. मध्यस्थाचं निम्मं काम हेच असतं.

सोसायटीतली गळती घ्या. खालचे म्हणतात, वरच्यांनी बाथरूमची लादी फोडलीच पाहिजे. वरचे म्हणतात, हात लावू देणार नाही. सभेत आवाज चढतात आणि सेक्रेटरी बिचारा चहा मागवतो. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, तर खालच्यांना हवी असते पावसाळ्याआधी कोरडी भिंत. वरच्यांना भीती असते खर्चाची आणि दहावीतल्या मुलाच्या परीक्षेची. मागणी जुळत नाही, पण गरजा जुळू शकतात. परीक्षेनंतरची तारीख आणि खर्चाची विभागणी कागदावर आली की सहकार न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

नोकरीचं विचाराल तर सरळ सांगतो: इंजिनिअरसारखी कॅम्पसमधून उचलून नेणारी कंपनी इथं येत नाही. पण २०२३ मध्ये संसदेनं मध्यस्थी कायदा केला. त्यात मध्यस्थीतून झालेल्या कराराला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे. वस्तीची शांतता बिघडवू शकणाऱ्या भांडणांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीचीही तरतूद आहे; तिथल्या समझोत्याला मात्र हुकूमनाम्याचं बळ नाही, तो लोकांनी पाळला तरच टिकतो. शिवाय पुनर्वसन, कामगार प्रश्न, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता इथंही ही माणसं लागतात. पदवीनंतर कायदा किंवा समाजकार्य जोडलं, तर वाट रुंद होते.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन दोन गोष्टी मात्र विचारा. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वस्तीत, कोर्टात जाऊन करायचं काम किती आहे? आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी एखाद्या खऱ्या भांडणात मध्ये बसलंय का? दोन्हींची उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर दुसरं विद्यापीठ बघा. विषय बदलू नका.