आधी तळं, मग दागोबा

श्रोतेहो, नमस्कार.

श्रीलंकेच्या सहलीचं कुठलंही पत्रक घ्या, त्यात ठरलेली नावं ठरलेल्या क्रमानं येतात. अनुराधपूर, सिगिरिया, दंबुल्ला, पोलोन्नरुवा, कँडी, मग थंड हवेचं नुवारा एलिया आणि शेवटी समुद्रकिनारा. नावं बरोबर आहेत, क्रमही वाईट नाही. पण या सगळ्या गावांना जोडणारी जी गोष्ट आहे, ती 'वाटेत तलाव' एवढ्यावर आटोपलेली असते. आज मी त्या तळ्यांबद्दल बोलणार आहे. अनुराधपूरची तळी न पाहता नुसते दागोबे, म्हणजे तिथले विटांचे स्तूप, पाहिले, तर ते विटांचे डोंगर वाटतात. भव्य, पण मुके.

आधी पावसाचं बघू. या बेटाचा नैर्ऋत्य भाग ओला. कोलंबो, गॉल आणि डोंगराची पश्चिमेकडची बाजू, इथं जूनमध्ये तोच पाऊस येतो जो आपल्याकडे येतो. डोंगर ओलांडून उत्तरेला गेलात की मात्र चित्र पालटतं. महाबळेश्वरला धो धो आणि माणदेशात धूळ, तशातली गत. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी, ईशान्येकडून येतो. तेवढ्या दिवसांत जे पडेल ते धरायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. आणि गंमत बघा, बेटावरची सगळ्यात जुनी, सगळ्यात दीर्घकाळ टिकलेली राजधानी ओल्या भागात नाही, या कोरड्या मुलखात आहे. अनुराधपूर. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीला चोळांची स्वारी होईपर्यंत राज्यकारभार मुख्यतः तिथूनच चालला.

एवढं मोठं शहर, त्यात हजारोंनी भिक्षू, आणि भिक्षूंनी काही पिकवायचं नाही. म्हणजे भात दुसऱ्या कुणीतरी पिकवायला हवा आणि भाताला पाणी हवं. म्हणून तळी. तिथं तळ्याला 'वेवा' म्हणतात. बसवक्कुलम, तिस्स वेवा, नुवर वेवा, अशी तीन मोठी तळी आजही शहराला वेढून आहेत. सिंहली माणूस तळं आणि दागोबा, गाव आणि विहार ही नावं जोडीनंच घेतो.

आता तळं बांधणं म्हणजे नुसता मातीचा बांध घालणं नव्हे. खरी अडचण पुढे येते. पाणी सोडायचं कसं? बांधाच्या तळाशी मोरी ठेवली आणि वर भरपूर पाणी असलं, की ते अशा जोरानं सुटतं की मोरीच्या कडेची माती खात खात अख्खा बांध घेऊन जातं. यावर तिथल्या कारागिरांनी काढलेली तोड म्हणजे 'बिसोकोटुव'. बांधाच्या आत दगडांनी बांधून काढलेली एक चौकोनी विहीर. तळ्याचं पाणी आधी तिच्यात येतं, तिथं त्याचा जोर मोडतो, हवं तेवढंच पुढे सोडलं जातं. एकोणिसाव्या शतकात हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज पाटबंधारे अभियंत्यानं या विहिरी बारकाईनं तपासल्या. युरोपातल्या आधुनिक जलाशयांना जे करावं लागलं, ते या लोकांनी कितीतरी शतकं आधी केलं होतं, हे त्यानंच जगापुढे मांडलं. तळ्याच्या बांधावरून चालताना असा दगडी चौकोन दिसला, तर दोन मिनिटं थांबा. गाइड थांबणार नाही, तुम्हीच थांबा.

आता दागोब्यांकडे येऊ. जेतवनाराम दागोबा महासेन राजानं सुरू केला. मुळात त्याची उंची 122 मीटर होती आणि त्यासाठी 9 कोटींहून जास्त विटा लागल्या, असा अंदाज आहे. गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळी त्याहून उंच इमारत जगात नव्हती. आज उरलाय तो साधारण 71 मीटरचा, तरी मान मागे टाकावी लागते. याच महासेनानं मिन्नेरियाचं प्रचंड तळंही बांधलं. दागोबा बांधताना त्याचं महाविहार या जुन्या मठातल्या भिक्षूंशी मोठं वाजलं होतं. पण तळ्यामुळे लोकांनी त्याला चक्क देव केलं. मिन्नेरियाचा देव म्हणून आजही त्याला नवस बोलले जातात.

जय श्री महाबोधीबद्दल वेगळं काय सांगू? अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन इथं आली, तो हा पिंपळ. दोन हजारांहून जास्त वर्षांची सलग नोंद असलेलं, माणसानं लावलेलं झाड. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन येतात, बसतात, पुटपुटतात, जातात. पौर्णिमेला गेलात तर गर्दीची तयारी ठेवा. तिथं दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद.

अभयगिरी विहारातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फा-हियान इथं राहिला होता. ग्रंथ गोळा करत तो कित्येक वर्षं फिरत होता. बरोबरचे काही मेले, काही मागे राहिले. एके दिवशी हिरव्या रत्नाच्या बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्यानं वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याला दिसला. चिनी बनावटीचा. आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. परदेशात नोकरीला असलेल्या श्रोत्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

तिथंच जवळ कुट्टम पोकुण, म्हणजे भिक्षूंच्या स्नानाची जुळी कुंडं आहेत. पायऱ्यांची रेखीवता सगळेच पाहतात. तुम्ही धाकट्या कुंडाच्या टोकाशी जा. पाणी आत येण्याआधी एका दगडी हौदात थांबतं, गाळ तळाशी बसतो, मग वरचं नितळ पाणी कुंडात उतरतं. त्या तोंडाशी पाच फण्यांचा नाग कोरलाय.

आता एका बापलेकाची गोष्ट. पाचव्या शतकातला राजा धातुसेन. त्यानं कलावेवा हे तळं बांधलं आणि तिथून अनुराधपूरला पाणी नेणारा 87 किलोमीटरचा कालवा काढला. या कालव्याचा उतार सुरुवातीच्या टप्प्यात किलोमीटरला जेमतेम 10 सेंटीमीटर आहे. कुठलं यंत्र नसताना हा उतार साधला कसा, यावर आजचे अभियंतेही डोकं खाजवतात. तर या धातुसेनाला त्याचा मुलगा कश्यप यानं कैद केलं आणि विचारलं, 'खजिना कुठं लपवलायस?' महावंस या लंकेच्या जुन्या पाली बखरीच्या पुढच्या भागात ही कथा येते. म्हातारा म्हणाला, मला कलावेव्यावर न्या, दाखवतो. तिथं तो पाण्यात उतरला, ओंजळ भरून पाणी घेतलं आणि म्हणाला, हाच माझा खजिना. कश्यपानं त्याला भिंतीत चिणून मारलं.

आणि मग गादीचा खरा वारस असलेल्या भावाच्या, मोग्गल्लानाच्या, भीतीनं तो जाऊन बसला सिगिरियाच्या खडकावर. 477 ते 495 ही त्याची कारकीर्द. भोवतालच्या रानातून सुमारे 180 मीटर उंच, सरळ उठलेला कातळ, त्याच्या माथ्यावर महाल आणि पाण्याचं टाकं. मी कश्यपाची चाहती नाही, पण त्याच्या माणसांची आहे. पायथ्याच्या बागेतली कारंजी बघा. दगडात भोकं पाडलेल्या साध्या चकत्या, खालून नळ. नुसत्या पाण्याच्या दाबावर चालणारी ती कारंजी भर पावसाळ्यात आजही उडतात. म्हणजे बापाचं पाणी ओळखणारे हात लेकाच्या पदरीही होतेच.

अर्ध्या चढावर त्या प्रसिद्ध स्त्रिया आहेत, ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं. तिथं फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. आपल्याकडच्या माणसाला त्या पाहताना अजिंठा आठवणार, आणि ते उगाच नाही. अजिंठ्याची 17 क्रमांकाची लेणी याच पाचव्या शतकातली. तिच्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची अख्खी कथा रंगवली आहे. राक्षसिणींच्या बेटावर फुटलेलं जहाज, तिथून सुटका, मग राजा झालेल्या सिंहलाची त्या बेटावर स्वारी. होड्यांमध्ये उभे असलेले हत्ती बघायचे असतील तर ते तिथं आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्यांनी ही भिंत आधी पाहून मग लंकेला जावं, असं मी सुचवेन.

चित्रांच्या खाली गुळगुळीत गिलाव्याची एक लांब भिंत आहे. आरशाची भिंत. सहाव्या शतकापासून पुढे आलेल्या प्रवाशांनी त्या स्त्रियांना उद्देशून तिच्यावर कविता कोरून ठेवल्यात. कुणी प्रेमात पडलाय, कुणी रुसलाय. सेनरत परनवितान या पुरातत्त्वज्ञानं त्यातल्या 685 वाचून काढल्या. तुम्ही मात्र भर घालू नका. तिथं त्यासाठी तुरुंगवास होतो. आणि गांधीलमाश्यांच्या पाट्या लावल्यात त्या शोभेच्या नाहीत, आवाज बेतानं करा.

दंबुल्ल्याची लेणी सिगिरियापासून जवळ आहेत. पाच गुहा, दीडशेच्या आसपास मूर्ती आणि छतभर चित्रं. खडक जिथं जसा वळलाय तिथं तशीच नक्षी वळवली आहे, त्यामुळे वर कापड ताणल्याचा भास होतो. दुसऱ्या गुहेत छतातून पाणी ठिबकतं. खाली भांडं ठेवलेलं आहे आणि ते पाणी विधींसाठीच वापरतात. इथंही पाणीच.

तिथून पोलोन्नरुव्याच्या वाटेवर महासेनाचं मिन्नेरिया लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळं आटत जातं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानातले हत्ती तिथं जमतात. एकेका संध्याकाळी शेकड्यांनी. निसर्ग म्हणून आपण जो पाहायला जातो, तो सतराशे वर्षांपूर्वीच्या एका बांधाचा परिणाम आहे. अलीकडे वरच्या धरणातून कोरड्या दिवसांतही पाणी येतं, गवत बुडतं आणि हत्ती पांगतात, अशी तिथल्या वन्यजीव अभ्यासकांची तक्रार आहे. तेव्हा जीप ठरवण्याआधी हत्ती कुठे आहेत ते विचारा. शेजारच्या कौडुल्ला तळ्यावरही असू शकतात.

पोलोन्नरुवा ही पुढची राजधानी. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचं वचन प्रसिद्ध आहे, की पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाता कामा नये. त्याच्या तळ्याला नाव दिलंय पराक्रम समुद्र, आणि बांधावर उभं राहिलं की नावात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. तिथं गल विहाराला पुरेसा वेळ द्या. एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्ती. त्यातली आडवी मूर्ती 14 मीटर लांब. बारकाईनं बघा, उशीवर डोकं टेकलंय तिथं उशी किंचित दबली आहे. दगडाची उशी! आणि पावलं एकावर एक अगदी जुळलेली नाहीत, वरचं जरा मागे सरकलंय. ही झोप नाही, परिनिर्वाण आहे, हे कोरणाऱ्यानं एवढ्यावर सांगितलं.

देवळात जाताना चपला आणि टोपी बाहेर, खांदे आणि गुडघे झाकलेले. दुपारी फरशी इतकी तापते की पायमोजे घालून गेलेलं बरं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथं तो अपमान समजतात.

कँडीत दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. दर्शन होतं ते सोन्याच्या करंडकाचं, दाताचं नव्हे. इथलं तळंही खोदवलेलंच, शेवटच्या राजानं 1807 साली. पुढे चहाचे मळे आणि एलाकडे जाणारी आगगाडी. खिडकीची जागा मिळाली तर वर्णन करायला शब्द लागत नाहीत, म्हणून मी करत नाही. दरडींमुळे हा मार्ग कधीकधी बंद असतो, तेवढी चौकशी करून जा. मात्र या डोंगरांतूनच महावेली नदी निघते. कँडीजवळ पोल्गोल्लाला तिचं पाणी बोगद्यानं वळवून कोरड्या मुलखात नेलंय, आणि आज जुनी तळी भरतात ती बऱ्याच अंशी त्या पाण्यावर. सत्तरच्या दशकातल्या अभियंत्यांना नवे कालवे खणावे लागले, पण पाणी सोडायला धातुसेनाची तळी तयारच होती.

दिवस कमी पडत असतील तर काय गाळायचं, हे लोक नेहमी विचारतात. नुवारा एलिया गाळा. थंड हवा आपल्याकडेही मिळते. मिहिंतले गाळू नका. अनुराधपूरपासून तासाभराच्या आत, 1840 पायऱ्या, पण अर्ध्या वाटेपर्यंत गाडी जाते. अशोकपुत्र महेंद्र आणि शिकारीला निघालेला राजा देवानंपिय तिस्स यांची गाठ इथं पडली, ज्येष्ठ पौर्णिमेला. महेंद्रानं लगेच धर्म सांगायला घेतला नाही. आधी राजाची परीक्षा घेतली. हे झाड कोणतं? आंब्याचं. याशिवाय आणखी आंबे आहेत? पुष्कळ. आंबे सोडून दुसरी झाडं? तीही आहेत. मग ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडून आणखी कुठलं झाड आहे? राजा म्हणाला, महाराज, हे आंब्याचं झाड आहे ना!

राजा पास झाला आणि मग उपदेश सुरू झाला.

नमस्कार.