फुलं बघून जीआय पत्रा घेऊ नका

नमस्कार मंडळी. आज इथे फॅब्रिकेशनवाले आहेत आणि घर बांधायला काढलेले लोकही आहेत, म्हणून दुकानापासूनच सुरू करतो. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, घ्यायला गेलो की आपली पहिली नजर त्या चमचमणाऱ्या फुलांवर जाते, मोठी फुलं म्हणजे भारी माल असं डोक्यात पक्कं बसलंय. ही फुलं म्हणजे जस्ताचे स्फटिक. साधारण 450 अंशांवर वितळलेल्या जस्तातून पत्रा बाहेर येतो, जस्त गोठतं तेव्हा ती उमटतात, आणि जस्तात थोडं शिसं किंवा अँटिमनी असेल तर मोठी होतात. शिसं काढलं की फुलं बारीक होतात किंवा दिसतच नाहीत. पत्रा त्यामुळे कमजोर होत नाही.

टिकणं ठरतं जस्ताच्या वजनावर. 275 चा पत्रा म्हणजे एक चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम 19-20 मायक्रॉन. 120 चा पत्राही तितकाच चमकतो, पण जस्त निम्म्याहून कमी. कोकणात खाऱ्या वाऱ्यात छप्पर घालायचंय तर हा आकडा बिलावर लिहूनच घ्या, प्लीज.

मग फिनिशचं काय? गोडाऊनचं छप्पर, एसीचं डक्ट, जिथे रंग मारायचा नाही तिथे फुलांचा पत्रा बिनधास्त वापरा. रंग मारायचा असेल तर बिनफुलांचा, स्किन पास केलेला, म्हणजे रोलरखालून हलकेच दाबून गुळगुळीत केलेला घ्या, नाहीतर रंगाखालून फुलं उठून दिसतात. आणि अजून एक, गॅल्व्हनील. हा दिसायला अगदी मळकट राखाडी, चमक शून्य, गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतो. पण जस्तातून काढल्यावर तो परत तापवतात, थरात साधारण 10 टक्के लोखंड मिसळतं, अंगठा फिरवला तर किंचित खरखरीत लागतो, आणि त्या खरखरीत अंगावर रंग काय पकड घेतो! स्पॉट वेल्डिंगही छान होतं, गाड्यांच्या बॉडीला म्हणूनच वापरतात. फक्त फार तीव्र वाकवलात तर थराची पूड पडते.

नव्या चकचकीत जीआयवर थेट ऑइल पेंट मारू नका. तेलाची जस्ताशी रिअॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर होतो आणि वर्षा-दोन वर्षात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आधी जस्तावर चालणारा प्रायमर मारा.

गेल्या जूनमध्ये माझ्याच साइटवर पत्र्यांची थप्पी ताडपत्रीखाली होती, वरून कोरडी ठाक. उचलली तर मधल्या पत्र्यांवर पिठासारखी पांढरी पूड. पाणी दोन पत्र्यांच्या फटीत शिरलं होतं, वारा लागला नाही, त्यामुळे जस्ताचा संरक्षक थर तयारच झाला नाही आणि जस्त खाल्लं गेलं. फार वाईट वाटलं, नवा माल होता. तेव्हापासून थप्पी जमिनीवर नाही, लाकडी पट्ट्यांवर ठेवतो, एका बाजूला उतार देऊन, आणि ताडपत्री खालून मोकळी सोडतो.