नियुए: सतराशे माणसांचे बेट आणि पदवीचा अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार.

फिजीची राजधानी सुवा. तिथे सोमवारी सकाळी ८ वाजता प्राध्यापक तास घ्यायला उभे राहिले, की नियुए बेटावर रविवारचे सकाळचे ९ वाजलेले असतात. दोन्ही ठिकाणे प्रशांत महासागरातलीच, पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते आणि घड्याळात २३ तासांचा फरक पडतो. नियुएत रविवार कडक पाळतात. चर्चला जायचे, घरी जेवायचे, विश्रांती घ्यायची. त्या दिवशी मासेमारीसुद्धा बंद. तिकडे नियुएचा शुक्रवार उजाडतो, तेव्हा सुवाला शनिवार लागलेला असतो. म्हणजे दोघांच्या कामाचे वार जुळतात ते आठवड्यात फक्त ४. शिक्षक एका वारात आणि विद्यार्थी दुसऱ्या वारात राहत असतील, तर त्यांचे एक विद्यापीठ चालते कसे? आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

नियुए हे समुद्रातून वर उचलले गेलेले प्रवाळाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, राजधानी आलोफी. १९७४ साली इथे स्वराज्य आले. कारभार बेटाच्या स्वतःच्या विधानसभेकडे, पण न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचे नाते, आणि प्रत्येक नियुएवासी न्यूझीलंडचा नागरिक. १९६० च्या दशकात इथे ५ हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज जेमतेम १,७०० उरली आहेत. न्यूझीलंडमध्ये मात्र स्वतःला नियुएचे म्हणवणारे ३० हजारांच्या घरात आहेत.

यातच सगळी अडचण आहे. बेटावर एक प्राथमिक शाळा, एक माध्यमिक शाळा. पुढे शिकायचे म्हटले की ऑकलंडचे विमान धरायचे. नागरिकत्व असल्याने तिथल्या विद्यापीठात मुलांना परदेशी विद्यार्थ्यांची भरमसाट फी पडत नाही. दार उघडेच आहे. पण गेलेली मुले तिथे नोकरीला लागतात, संसार थाटतात आणि घराकडे सुट्टीपुरती येतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण बेटाच्या बाजूने पाहिले, तर शिकलेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी म्हणजे कायमचे बंद झालेले एक घर ठरू शकते.

सतराशे माणसांना स्वतःचे विद्यापीठ उभारता येत नाही, हे उघड आहे. त्यावर या भागातल्या देशांनी जो तोडगा काढला, तो मला फार मोलाचा वाटतो. १९६८ साली सुवाला दक्षिण प्रशांत विद्यापीठ सुरू झाले. लाउथाला उपसागराच्या काठी न्यूझीलंडच्या हवाई दलाचा जुना तळ होता, त्या जागेवर. आज हे विद्यापीठ १२ देशांच्या मालकीचे आहे. कृषिशिक्षण सामोआत, कायद्याचे शिक्षण वानुआतूत आणि बाकी बराच पसारा सुवाला. नियुएचे केंद्र आलोफीत.

सुरुवातीला अभ्यासाची पुस्तके टपालाने जात. बोट उशिरा आली की धडा उशिरा. मग १९७० च्या दशकात विद्यापीठाने नासाचा एक जुना प्रायोगिक उपग्रह हाताशी धरला. त्याचे नाव एटीएस-१. तो १९६६ च्या डिसेंबरात सोडलेला होता, आणि त्याचे मूळ काम संपत आले होते. त्याच्यावरून दूरदूरच्या बेटांवरची केंद्रे एकमेकांशी बोलू लागली. चित्र नाही, फक्त आवाज. एकाने बोलायचे, बटण सोडायचे, मग दुसऱ्याने. श्रोतेहो, आपण आत्ता जसे केवळ आवाजावर भेटतो आहोत, तसाच तो वर्ग भरत असे. फरक इतकाच, की त्या श्रोत्यांना उलट प्रश्न विचारता येत होता. हजारो किलोमीटर समुद्रापलीकडून विचारलेल्या शंकेला त्याच तासात उत्तर मिळू लागले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तो उपग्रह निकामी झाला. पुढे २००० साली जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मदतीने विद्यापीठाने स्वतःचे उपग्रह जाळे उभारले.

याच सुमारास नियुएचे नाव जगभर वेगळ्याच कारणाने गाजत होते. २००३ साली तिथे फुकट वायफाय आले. २००८ मध्ये शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती छोटा लॅपटॉप देणारा तो पहिला देश ठरला. बातम्या झाल्या, फोटो छापून आले. पण या दोन वर्षांच्या मध्ये काय घडले, तेही सांगायला हवे. २००४ च्या जानेवारीत हेटा नावाचे चक्रीवादळ बेटावर आदळले. रुग्णालय उद्ध्वस्त झाले. हुआनाकी संग्रहालयही गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बहुतेक वस्तू त्याच्याबरोबर गेल्या. अशा बेटावर कुठलीही यंत्रणा कायमची म्हणून धरता येत नाही. समुद्राखालून जाणारी इंटरनेटची मानातुआ केबल नियुएत २०२१ मध्ये सुरू झाली. तोवर सगळी भिस्त उपग्रहावर होती.

म्हणूनच मला वाटते, की लॅपटॉप आणि केबल यांच्याइतकेच, किंबहुना जास्तच महत्त्व आलोफीतल्या त्या लहानशा केंद्राला आहे. तिथे बसायला जागा आहे, संगणक आहे, परीक्षा द्यायची सोय आहे आणि ‘यंदा कोणते विषय घेऊ?’ असे समोरासमोर विचारता येईल असे माणूस आहे. मुक्त शिक्षणात विद्यार्थी अर्ध्यावर सोडून जातो तो बहुधा एकटा पडल्यामुळे. रेकॉर्ड केलेले व्याख्यान त्याला हवे तेव्हा ऐकता येते, त्यामुळे वाराचा घोळ सुटतो. एकटेपणा मात्र त्याने जात नाही.

आणि खरा उपयोग कुणाला होतो, तर नोकरी करणाऱ्यांना. नियुएत सर्वांत मोठा नोकरदाता म्हणजे सरकार. बेटावरची एकच प्राथमिक शाळा. तिथल्या एका शिक्षिकेने पदवीसाठी तीन वर्षे बाहेर जायचे म्हटले, तर तिच्या वर्गाचे काय? हिशेबनीस गेला, तर खात्याचे काय? तिथे बदली माणूस ठेवलेला नसतो. हीच शिक्षिका दिवसा शिकवून संध्याकाळी स्वतः शिकू लागली, तर शाळाही चालते आणि घरही उघडे राहते.

आता त्यांच्या भाषेबद्दल. वागाहाऊ नियुए ही त्यांची भाषा संकटात आहे, आणि तिच्या लोकांपैकी बहुतेक जण आज बेटाबाहेर आहेत. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या कितीतरी नातवंडांना आजीशी धड बोलता येत नाही. दक्षिण प्रशांत विद्यापीठाने या भाषेचे अभ्यासक्रम सुरू केले, याचा मला मनापासून आनंद आहे. आजवर ज्ञान सुवाहून आणि ऑकलंडहून बेटाकडे यायचे. या एका विषयात शिकवणारे बेटावर आहेत आणि शिकण्याची गरज असलेले बाहेर. माझी इच्छा आहे, की हे वर्ग आलोफीहून चालावेत, तिथल्या वडीलधाऱ्या माणसांना शिक्षक म्हणून रीतसर मानधन मिळावे, आणि ऑकलंडमधल्या मुलांना त्याचे श्रेयांक त्यांच्या पदवीत मोजून मिळावेत. केबल आता आहे. वारांचा फरकही तिथे आड येणार नाही, कारण ऑकलंडची रविवारची सुट्टी म्हणजे आलोफीचा शनिवार. दोन्हीकडे हात मोकळे.

नमस्कार.