गळती थांबली, तरी गाडी गरम का होते?

नमस्कार श्रोतेहो. होज पाइप फुटला, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी सांडलं, नवा पाइप टाकला, कूलंट भरलं, आणि तरीही तापमानाचा काटा वर चढतो. हे ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांच्यासाठी आज बोलतेय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं असंच झालं. पाइप नाशिकमध्येच बदलला. दोन दिवसांनी द्वारका चौकात गाडी परत तापली. गॅरेजवाला म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. त्यासाठी हेड उतरवावं लागेल. खर्च मोठा होता. मी म्हटलं, बघू, आधी आईला वणीच्या देवीला, सप्तशृंगी गडावर नेऊन आणते. चैत्रोत्सव सुरू झाला की खाजगी गाड्या गडाच्या पायथ्याला नांदुरीलाच थांबवतात, म्हणून आधीच निघालो. तशा गाडीने घाट चढायला नको होता, हे आज स्पष्ट सांगते.

दिंडोरी, वणी गाव व्यवस्थित पार झालं. नांदुरीचा घाट लागला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर काटा लाल रेषेला टेकला. गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. आई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेली. तेवढ्यात कठड्यावर माकडं आली. श्रोतेहो, घाटात माकडांना फुटाणे, वेफर्स टाकू नका हो. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर उतरतात आणि चाकाखाली येतात. मला ते बघवत नाही.

मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला, "ताई, थांबा! तोंडावर येईल." द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन चाललेला पिकअपचा ड्रायव्हर होता. त्याने पाऊण तास गाडीला हात लावू दिला नाही. मग फडकं धरून वरचा होज दाबला. पाइप पोकळ, आत पाणीच नाही. आणि बाजूची जादा कूलंटची प्लॅस्टिकची बाटली मात्र काठोकाठ भरलेली! त्याने विचारलं, "गाडी तापली तेव्हा हीटर लावला होता?" लावला होता. काटा लाल रेषेवर, आणि हीटरमधून बाहेरचीच साधी हवा. "हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो. मग आत हवा अडकलीय, ताई. हेडचं नंतर बघा."

गाडी चढाला तोंड करूनच उभी होती, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर. इंजिन थंडच असताना त्याने झाकण काढलं, पाणी भरलं, गाडी चालू करायला लावली, हीटर पूर्ण गरमवर. मग तो होज दाबत राहिला. माठात तांब्या बुडवल्यावर येतो तसा गुडगुड आवाज आला, बुडबुडे फुटले आणि पाणी झपकन खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा गुडगुड. दीड लिटर पाणी आत गेलं. नंतर बुडबुडे थांबले आणि हीटरमधून कढत हवा आली. पैसे त्याने घेतले नाहीत.

बुडबुडे थांबले, हे लक्षात ठेवा. थांबले तर अडकलेली हवा होती. थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, बाहेर गळती नसताना कूलंट कमी होतं, तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्या.

बाकीचं थोडक्यात. सिग्नलला तापते आणि पळताना ठीक, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि त्याला चालू करणारा रिले बघा. वरचा पाइप कढत आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. तो थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त खातं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. आतला दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळतं. आणि बोअरचं पाणी नेहमी घालू नका, क्षार आत बसतात. कूलंट आधीच पाणी मिसळलेलं नसेल, तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घाला. पण आधी हवा काढा. हेड उतरवायच्या आधी हवा काढा.

आम्ही त्या दिवशी दर्शन घेऊनच परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात बघितलं, पाणी बोटभर उतरलं होतं. भरलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर पातळी जागच्या जागी होती. त्याच आठवड्यात ते साधं पाणी काढून नीट कूलंट भरून घेतलं. हेड आजवर उतरवलेलं नाही.